विद्यार्थ्याचे देशाटन : चैन की अध्ययन?

परदेशी शिकणाऱ्या मुलांविषयी घरोघर पूर्वी एकच प्रश्न विचारला जाई : 'मुलगा अभ्यास करतो ना?' आता त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला आहे : 'दर शनिवारी-रविवारी तो जातो तरी कोठे?' फोनवर छायाचित्रे येतात. एका आठवड्यास किल्ला, दुसऱ्यास सरोवर, तिसऱ्यास कोणत्या तरी परक्या नगरीचा पूल. आणि प्रत्येक चित्रात तीच चार-पाच तोंडे हसत असलेली. घरातील धाकटी मंडळी ती चित्रे कौतुकाने पाहतात. वडील मंडळी चष्मा पुसून पुन्हा पाहतात आणि मनातल्या मनात हिशेब मांडू लागतात.

आमच्या बोईसरास हा प्रश्न आता अपरिचित राहिलेला नाही. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि त्या नोकऱ्यांच्या आधारावर ज्या घरांनी मुले शिकविली त्यांपैकी काही घरांतील मुलेमुली आज यंत्रशास्त्र अथवा रसायनशास्त्र शिकण्यासाठी जर्मनीत आहेत. त्या देशात भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ४९ हजारांवर गेली होती, आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत आपली मुले संख्येने पहिली होती. तेव्हा हा प्रश्न एका गावचा नव्हे. त्याचा विचार शास्त्राच्या रीतीप्रमाणे करावा. प्रथम पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष.

पूर्वपक्ष असा : मुलगा शिकण्यास गेला आहे, हिंडण्यास नव्हे. त्याच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले आहे, क्वचित राहते घर तारण ठेवले आहे. जर्मनीत शिकू इच्छिणाऱ्यास निर्वाहाची तरतूद अगोदर दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरात ही रक्कम वर्षास ११,९०४ युरो, म्हणजे महिन्यास ९९२ युरो, अशी ठरविण्यात आली. एका युरोस शंभर रुपये धरले तरी ती वर्षाला बारा लाखांच्या घरात जाते. एवढी रक्कम उभी करताना ज्या घराने सणावाराची खरेदी आखडती घेतली, त्या घरास मुलाचे सरोवराकाठचे हसू खुपले, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. त्याचा अनादर करून पुढे जाता येणार नाही.

परंतु या पूर्वपक्षाच्या पोटात आणखी एक जुनी गोष्ट दडलेली आहे, ती बाहेर काढून पाहिली पाहिजे. समुद्रयान निषिद्ध मानणाऱ्या आपल्या समाजाने विद्येसाठी परदेशगमन मोठ्या कष्टाने मान्य केले. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा आपण का जात आहोत हे त्यांना श्रीरामपूर येथे सभेत उभे राहून सांगावे लागले. विलायतेहून परतलेल्यांस पुढे कित्येक वर्षे प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाही. अर्थात परदेशगमनास जी परवानगी मिळाली ती अपवाद म्हणून, आणि केवळ अध्ययनापुरती. प्रायश्चित्ते गेली, पण तो अपवाद मनात तसाच राहिला : शिकण्यास जा, मात्र डोळे पुस्तकातून वर काढू नकोस! समुद्र ओलांडला ते चालले. त्या समुद्रापलीकडे आनंद झाला, हे मात्र अजून कोठे तरी बोचते.

आता उत्तरपक्षाकडे वळू, आणि आरंभ पैशापासूनच करू.

जर्मनीत २०२३ च्या मे महिन्यापासून देशभर चालणारे एक मासिक तिकीट निघाले. द्रुतगती गाड्या वगळून सर्व स्थानिक व प्रादेशिक आगगाड्या, ट्राम आणि बस यांतून त्यावर हिंडता येते. आरंभी त्याची किंमत ४९ युरो होती. २०२५ च्या जानेवारीत ती ५८ झाली, आणि नंतर आणखी वाढली. पुष्कळ विद्यापीठांत हे तिकीट विद्यार्थ्यांस मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत मिळते, आणि ते पैसे सत्रशुल्काबरोबर प्रत्येकाकडून आधीच घेतलेले असतात. म्हणजे मुलगा खोलीत बसून राहिला तरी ते गेले, आणि बाहेर पडला तरी तेवढेच. बोईसरहून लोकलने मुंबईस नोकरीला जाणाऱ्या गृहस्थांस हे निराळे समजावून द्यावयास नको. आपला महिन्याचा पास रविवारीही चालतो. त्या पासावर रविवारी आपण मुलांस घेऊन चौपाटीवर गेलो, तर त्यास कोणी उधळेपणा म्हणत नाही.

आमच्या परिचयाच्या एका घरी याच गोष्टीवरून पिता-पुत्रांत अबोला धरण्याची पाळी आली होती. मुलगा आखेन येथे शिकत होता. एका रविवारी वडिलांनी फोन केला, तेव्हा तो मित्रांबरोबर कोलोनच्या गाडीत होता. मागे हसण्या-बोलण्याचा गलका ऐकू येत होता. वडील एवढेच म्हणाले, "आम्ही येथे हप्ते भरतो आहोत, हे ध्यानात असू दे." त्यानंतर छायाचित्रे येणे बंद झाले. फोन येत राहिले, पण 'बरा आहे, जेवलो, अभ्यास चालू आहे' या तीन वाक्यांपलीकडे ते जात ना. हा फरक प्रथम आजींच्या लक्षात आला. "पोर बोलते आहे, पण सांगत काहीच नाही," असे त्या म्हणाल्या. तीन महिन्यांनी वडील आमच्याकडे आले असता आम्ही त्यांस विचारले, "मुलाचा या हिंडण्यावर खर्च तरी किती होतो?" त्यांस ते ठाऊक नव्हते. मुलाकडून हिशेब मागविला. त्याने तो आणेपैसह पाठविला म्हणावयास हरकत नाही. प्रवासाचे पैसे शुल्कातच गेलेले. डबा सकाळी उठून पाच जणांनी मिळून केलेला. बाहेरचा खर्च म्हणजे कॉफी आणि क्वचित एखाद्या वस्तुसंग्रहालयाचे तिकीट. कागद वाचून झाल्यावर ते गृहस्थ पुष्कळ वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मास्तर, खरे सांगू का? पैशांचे नव्हतेच ते. तो तिकडे इतका आनंदात दिसला, की आपली त्याला आता गरज उरली नाही असे वाटले."

हे वाक्य आम्ही मुद्दाम येथे नोंदवीत आहोत, कारण अनेक घरांतील हिशेबाच्या वहीखाली हेच दबलेले असते. मात्र त्या पित्यास छायाचित्रातला रविवार दिसला. छायाचित्र नसलेला रविवार त्यांस दिसला नव्हता. तो कसा असतो ते पाहा. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून १९१९ च्या राज्यघटनेत जे संरक्षण दिले, तेच १९४९ च्या घटनेत कायम ठेवले गेले. शनिवारी भाजी-दूध आणून ठेवले नाही तर रविवारी बहुधा स्थानकावरील दुकानाचाच आधार. रस्ते ओस. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ज्या मुलाने जन्मभर आठ-दहा माणसांच्या पंगतीत जेवण केले, ज्याच्या कानांवर पहाटेपासून कोणाचे ना कोणाचे बोलणे पडत आले, तो मुलगा बारा हात लांबीच्या खोलीत एकटा ताट वाढून घेतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या विद्यार्थ्यास परदेशातील सर्वांत कठीण दिवस परीक्षेचा नसून रविवार असतो. त्या दिवशी दारावर थाप मारून "चल, ऊठ, गाडी सव्वाआठची आहे" असे म्हणणारा मित्र भेटणे, हे आम्ही मुलाच्या आरोग्याचे साधन समजतो. त्याचे हसणे हे आपणांस विसरल्याचे लक्षण नव्हे. तो तेथे तग धरून असल्याचे लक्षण आहे.

आता या हिंडण्याने विद्या वाढते की नाही, हा मुख्य मुद्दा. आपल्या जुन्या सुभाषितकारांनी चातुर्याची साधने मोजताना देशाटनास प्रथम स्थान दिले, हे आपण शाळेत पाठ केलेलेच आहे. आश्चर्य हे की जर्मनांचाही अनुभव तोच. तेथील सुतार, गवंडी इत्यादी कारागीर उमेदवारी संपल्यावर तीन वर्षे आणि एक दिवस गावोगाव हिंडत काम शिकत; या काळात आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकावयाचे नाही, असा दंडक असे. थोडे कारागीर आजही हे व्रत पाळतात. रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर मुलांस वर्गाबाहेर काढून पायी सहलींस नेत असत. १९०९ च्या ऑगस्टात एका सहलीत वादळी पावसाने त्यांस गाठले, आणि मुलांसह एका खेड्यातील शाळेत गवतावर रात्र काढावी लागली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा हिंडणाऱ्या मुलांस मुक्कामासाठी का देऊ नयेत, असा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. त्यातून १९१२ साली आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमचे युवक-वसतिगृह उघडले, आणि पुढे ही कल्पना जगभर पसरली. आज आपली मुले ज्या स्वस्त वसतिगृहांत रात्र काढतात, त्यांचे मूळ एका मास्तराच्या भिजलेल्या वर्गात आहे. आम्हांस, त्याच व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे, या गोष्टीचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.

तेथील रेल्वेनेही १९९५ साली 'सुंदर शनिवार-रविवार' अशा अर्थाच्या नावाचे तिकीट काढले होते. १५ मार्कांत पाच जणांपर्यंतच्या टोळीने सुटीच्या दिवशी देशभर हिंडावे. अट एवढीच की सावकाश जाणाऱ्या गाड्यांतून. २०१९ साली ते बंद झाले, तरी पाच जणांत मिळून वापरावयाची प्रांतिक तिकिटे चालू राहिली. सावकाश जाणाऱ्या गाडीत पाच जण सहा तास बसले म्हणजे काय शिकतात? एक उशिरा उठला तर चौघांची गाडी चुकते, हे शिकतात. चौघांनी कॉफी घेतली आणि पाचव्याच्या खिशात पैसे नसले, तर त्याचा पाणउतारा न करता त्याचे पैसे कसे भरावे, हे शिकतात. आमच्या ओळखीच्या एका मुलीने लिहिले होते, की तामीळ, पंजाबी आणि बंगाली या तीन मैत्रिणींच्या घरी काय शिजते, देव कसे बसवितात आणि आजीला काय म्हणतात, हे तिला भारतात बावीस वर्षे राहून कळले नव्हते; ते तिला ऱ्हाईन नदीकाठच्या गाडीत कळले. यास आम्ही एक सूचना जोडतो : पाचांत निदान एक जण दुसऱ्या देशचा असावा. पाचही भारतीय असले तर दरवाजा आतून लावून घेतल्यासारखे होते, आणि जर्मन भाषाही तोंडात बसत नाही.

स्थळांचे म्हणावे तर आखेनसारख्या एकाच गावाभोवती किती शिक्षण पसरलेले आहे! तासाभरावर कोलोनचे प्रार्थनामंदिर. त्याचा पाया १२४८ साली घातला आणि ते पुरे झाले १८८० साली. मध्ये काही शतके काम बंदच होते. ज्याने पाया आखला त्याच्या विसाव्या पिढीनेही शिखर पाहिले नसेल. तरी आखणी टिकली. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा पाठ कोणत्या ग्रंथात मिळावा? दुसऱ्या बाजूस, गावाच्या हद्दीवरच एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर जर्मनी, हॉलंड व बेल्जियम या तिन्ही राष्ट्रांच्या सीमा मिळतात. ज्या भूमीवर विसाव्या शतकात दोन महायुद्धांची सैन्ये गेली, तेथे १९८५ च्या शेंगेन कराराच्या योगाने माणूस एका दगडाभोवती फिरून तीन देश पाहून येतो. मात्र विद्यार्थ्यांनी गाफील राहू नये. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली होती. म्हणून सीमेपलीकडे जाताना पारपत्र व निवासाचा परवाना जवळ असलाच पाहिजे.

उत्तरपक्ष येथवर आला, तरी त्यासही मर्यादा आहेत. डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी अल्पशा शिष्यवृत्तीतून पोटास चिमटा घेऊन जुनी पुस्तके जमविली. ती दोन हजारांच्या आसपास होती असे सांगतात. त्यांचा रविवार पुस्तकांचा होता. त्यांच्या खांद्यावर जो भार होता तो पाहता ते योग्यच होते. उलट रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, तरी तेवढ्यावर न थांबता पॅरिस आणि गॉटिंगेन येथेही जाऊन आले, आणि मगच फर्गसन महाविद्यालयाच्या सेवेत रुजू झाले. तात्पर्य, सर्वांस एकच माप लावू नये. कोणाची परीक्षा जवळ आली असेल, कोणी शनिवारी-रविवारी काम करून खर्च भागवीत असेल. तेथील नियमाप्रमाणे २०२४ पासून विद्यार्थ्यास वर्षातून १४० पूर्ण दिवस काम करता येते. ज्याला त्याची गरज आहे त्याला मित्रांनी 'चल' म्हणून ओढू नये, आणि तो आला नाही म्हणून वगळूही नये. महिन्यातून दोन रविवार बाहेर, दोन घरी, असा बेत आम्हांस मध्यम वाटतो. उसने काढून प्रवास करू नये. अनोळखी नदीत पोहण्यास उतरू नये. आपण समुद्रकाठचे लोक भरती-ओहोटी जाणतो, परंतु ऱ्हाईनमधून जाणाऱ्या मोठ्या जहाजांच्या लाटा व ओढ आपणांस ठाऊक नसते. कोठे जातो आणि केव्हा परततो, हे मागे राहणाऱ्या एकास तरी सांगून जावे.

मुलाचे कर्तव्य एवढे झाले; आता घराचे. घराने मुलाकडे हिशेबाऐवजी वृत्तान्त मागावा, असे आमचे सांगणे आहे. छायाचित्र हा वृत्तान्त नव्हे. त्यात माणूस उभा असतो, पाहत नसतो. महिन्यातून एकदा दोन पृष्ठांचे मराठी पत्र, सर्वांसमोर मोठ्याने वाचता येईल असे, त्याने लिहावे. काय पाहिले, कोण भेटले, कशाचा अचंबा वाटला, कशाची लाज वाटली. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदान-समारंभासाठी अमेरिकेस गेल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे त्या देशात हिंडल्या. त्यांनी जे पाहिले ते १८८९ साली मराठीत पुस्तकरूपाने ठेवले, म्हणून ते आपले झाले. त्याहून जवळचे उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे. घरचे ऋण फेडावे म्हणून ते १८५७ साली चुलत्यांबरोबर दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळविलेले पुष्कळसे वाटेत लुटले गेले. आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणली. पुढे वृद्धपणी त्यांनी लिहून काढलेला प्रवासवृत्तान्त १९०७ साली छापला गेला. ती दक्षिणा किती होती हे आज कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांनी पाहिलेली झाशी मात्र मराठी घरांत अजून वाचली जाते. कर्जाचे हप्ते मुलगा फेडीलच, आणि त्याने ते फेडलेच पाहिजेत; पण घरास तेवढेच परत मिळावे, ही अपेक्षा फार थोडकी झाली.

पत्राचा व्यवहार एकतर्फी नसावा. ड्युसेलडॉर्फ येथील एका मोठ्या कलासंग्रहालयात २००३ साली इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाबरोबर वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे मांडली होती. म्हसे हे डहाणूजवळच्या गंजाडचे, म्हणजे आमच्या शेजारचे. वर सांगितलेल्या आखेनच्या मुलास एका जर्मन सोबत्याने विचारले, "तू त्याच भागातला ना? त्या गावी गेला असशील." तो गेला नव्हता. घरी पडद्यांवर वारली नक्षी होती. गंजाड कोणी पाहिलेले नव्हते. त्याने हे वडिलांस कळविले. त्या गृहस्थांनी पुढच्या रविवारी मुलाच्या आईस व आजींस घेऊन गंजाड गाठले, आणि परत आल्यावर मुलास दोन पृष्ठे लिहिली. फोन न करता, मुद्दाम लिहिली. त्यानंतरच्या रविवारी ते पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी जाऊन आले, जेथे १४ ऑगस्ट १९४२ रोजी बळी पडलेल्या पाच जणांची स्मृती जपली आहे. नंतर चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी जिंकलेला तारापूरचा किल्ला पाहून आले. तिकडून मुलाची छायाचित्रे पुन्हा येऊ लागली आहेत, आणि आता त्यांखाली चार ओळी लिहिलेल्या असतात. आजी त्या वाचून घेतात आणि विचारतात, "तो पूल बांधला कोणी, ते नाही लिहिले?" मग पुढच्या पत्रात ते लिहून यावे लागते.

वाचकांपैकी ज्यांची मुलेमुली परदेशी आहेत त्यांस आमची एवढीच विनंती, की येत्या रविवारी फोनवर 'कोठे गेला होतास?' असे विचाराल तेव्हा आवाज तक्रारीचा नसावा, ऐकण्याच्या उत्सुकतेचा असावा. आणि त्याने उत्तर देऊन 'तुम्ही कोठे गेला होता?' असे उलट विचारले, तर आपल्यापाशीही सांगण्यासारखे काही असावे.